अमेरिकी महानगरांचे आर्थिक उत्पादन: तुलना करताना सीमारेषा कुठे आखायची?

प्रस्तावना

मागे एका तासाला मी विद्यार्थ्यांना अमेरिकेतील महानगरांच्या उत्पादनाचे आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवून त्यांचा क्रम लावायला सांगितले होते. थोड्या वेळाने एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, डेट्रॉइट तीनशे अब्ज डॉलरच्या वर कसं? त्या शहराचं तर दिवाळं निघालं होतं ना?”

प्रश्न नेमका होता. तक्ता खरा आहे आणि दिवाळखोरीही खरी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यासाठी हे टिपण.

थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एक गोष्ट शिकवतो: आधी यंत्रणेची सीमा आखा, मग आत काय आले आणि बाहेर काय गेले याचा हिशोब मांडा. सीमा बदलली की उत्तर बदलते. शहरांच्या अर्थव्यवस्थेलाही हाच नियम लागू आहे.

1. महानगर म्हणजे काय?

अमेरिकेत शहर ही एक कायदेशीर संस्था आहे. तिला हद्द असते, महापौर असतो, कर बसवण्याचा अधिकार असतो. महानगर क्षेत्र ही मात्र फक्त सांख्यिकीची सोय आहे. त्याला महापौर नाही आणि तिजोरीही नाही.

केंद्र सरकारने अशा क्षेत्रांची एकसारखी व्याख्या 1949 मध्ये ठरवली आणि 1950 च्या जनगणनेत ती वापरली. आजच्या नियमानुसार किमान 50 हजार वस्तीचा नागरी गाभा लागतो. त्याची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) धरली जाते आणि जिथून रोजगारासाठी पुरेशी ये-जा होते अशा शेजारच्या काउंटी तिला जोडल्या जातात. ही मर्यादा साधारणपणे 25 टक्क्यांची आहे. म्हणजे माणसे सकाळी कुठून कुठे कामाला जातात, यावरून महानगराची सीमा ठरते.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत त्याआधीची. सायमन कुझ्नेट्स यांनी 1934 मध्ये अमेरिकी सिनेटसमोर राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल मांडला. अशा आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये, असा इशाराही त्यांनी त्यातच दिला होता. महानगरनिहाय सकल उत्पादनाचे सरकारी अंदाज मात्र 2007 पासून प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे आज सहज चाळता येणारे हे तक्ते तसे तरुण आहेत.

2. आकडे काय सांगतात?

खालील तक्त्यातील उत्पादन 2022 चे, चालू किमतींनुसार व पूर्णांकित आहे. लोकसंख्या 2020 च्या जनगणनेची आहे.

| महानगर क्षेत्र | उत्पादन (अब्ज डॉलर, सुमारे) | लोकसंख्या (लाख, सुमारे) |
|---|---|---|
| न्यूयॉर्क | 2,160 | 201 |
| लॉस एंजेलिस | 1,230 | 132 |
| शिकागो | 830 | 96 |
| सॅन फ्रान्सिस्को | 730 | 47 |
| डॅलस | 690 | 76 |
| वॉशिंग्टन | 660 | 64 |
| ह्यूस्टन | 630 | 71 |
| सॅन होजे | 410 | 20 |
| डेट्रॉइट | 305 | 44 |

एकटे न्यूयॉर्क महानगर देशाच्या उत्पादनाचा सुमारे 8 टक्के वाटा उचलते. बाजारातील विनिमय दराने पाहिले तर त्याचे उत्पादन त्या वर्षीच्या भारताच्या उत्पादनाच्या जवळपास दोन तृतीयांश भरते. पण एका डॉलरमध्ये न्यूयॉर्कला जे मिळते त्यापेक्षा कितीतरी जास्त भारतात मिळते, हे विसरून अशी तुलना करू नये.

आता दुसरा रकाना तिसऱ्याने भागा. क्रम उलटापालटा होतो. सॅन होजेत माणशी सुमारे 2 लाख डॉलर येतात, न्यूयॉर्कमध्ये 1 लाखाच्या थोडे वर, शिकागोत सुमारे 86 हजार, तर डेट्रॉइटमध्ये सुमारे 70 हजार. वर्षे वेगवेगळी असल्याने हा हिशोब ढोबळ आहे, पण अंतर इतके मोठे आहे की निष्कर्ष बदलत नाही.

चालू किमतींचीही एक अडचण आहे. 2014 च्या मध्यात कच्चे तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होते. 2016 च्या सुरुवातीला ते 30 च्या खाली आले. अशा वेळी ह्यूस्टनसारख्या तेलावर उभ्या असलेल्या महानगरात तितकेच तेल निघाले तरी त्याचे डॉलरमधले मोल घसरते. म्हणून वर्षावर्षांची तुलना करताना किमतीतील बदल वगळलेली मालिका वापरावी.

3. न्यूयॉर्क: बंदर गेले, पण गेले कुठे?

1825 मध्ये ईरी कालवा खुला झाला आणि पंचमहासरोवरांच्या प्रदेशातील धान्य थेट न्यूयॉर्कच्या धक्क्यावर येऊ लागले. बंदरामागोमाग विमा, बँका, छपाई, कापड-कपड्यांचे कारखाने आले. 1950 च्या सुमारास शहरात कारखान्यांतील नोकऱ्या दहा लाखांच्या घरात होत्या.

26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. कंटेनर ठेवायला मोकळी जागा लागते, ट्रक वळवायला रुंद रस्ते लागतात. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनच्या चिंचोळ्या धक्क्यांवर हे नव्हते. ते खाडीपलीकडे न्यू जर्सीत, नेवार्क आणि एलिझाबेथ येथे होते. पुढील दोन दशकांत शहराचे धक्के ओस पडले. कारखानेही घटत गेले आणि 1975 मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले.

आता सीमेकडे पाहा. नेवार्क हे न्यूयॉर्क महानगर क्षेत्रातच मोडते. महानगराच्या हिशोबात बंदर कुठेच गेले नाही. शहराच्या हिशोबात मात्र ते दुसऱ्या राज्यात गेले.

4. सॅन होजे: एक खोरे, दोन ओळी

1950 मध्ये सॅन होजे सुमारे 95 हजार वस्तीचे गाव होते आणि सांता क्लारा खोरे जर्दाळू व प्लमच्या बागांसाठी ओळखले जाई. 1951 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभारली. 1957 मध्ये फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर आणि 1968 मध्ये इंटेल स्थापन झाली. ‘सिलिकॉन व्हॅली’ हे नाव छापील स्वरूपात रुळले ते 1971 पासून.

आज ही एकच अर्थव्यवस्था तक्त्यात दोन ओळींत विभागली आहे. गूगलचे माउंटन व्ह्यू सांता क्लारा काउंटीत, म्हणून ते सॅन होजेच्या खात्यात. तिथून जवळच असलेले मेटाचे मेन्लो पार्क सॅन मटेओ काउंटीत, म्हणून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खात्यात. दोन्ही ओळी एकत्र केल्या तर बेरीज सुमारे 1,140 अब्ज डॉलर होते. शिकागो मागे पडते आणि लॉस एंजेलिस हाकेच्या अंतरावर येते. कोणी एक चिपही जास्त बनवली नाही. फक्त रेघ पुसली.

माणशी 2 लाख डॉलर हा आकडाही जपून वाचावा. उत्पादन म्हणजे रहिवाशाच्या हातात पडणारा पगार नव्हे. त्यात कंपन्यांचा नफा येतो आणि सॉफ्टवेअर व आरेखनाच्या हक्कांचे मोलही येते. प्रत्यक्ष जोडणी जगात दुसरीकडे होत असते.

5. डेट्रॉइट: दिवे कुठे गेले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डेट्रॉइट शहराने जवळपास पूर्णपणे वेढलेले हायलंड पार्क नावाचे एक छोटे स्वतंत्र शहर आहे. 1913 मध्ये फोर्डने तिथल्या कारखान्यात मोटारीची फिरती जुळणी-साखळी सुरू केली आणि जानेवारी 1914 मध्ये दिवसाला 5 डॉलर मजुरी जाहीर केली. पुढे क्रायस्लरचे मुख्यालयही तिथेच होते.

1950 मध्ये डेट्रॉइट शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. 2020 मध्ये ती सुमारे 6 लाख 39 हजार उरली. महानगराची वस्ती मात्र 1970 पासून 40 लाखांच्या वरच आहे. माणसे नाहीशी झाली नाहीत, बरीचशी हद्दीपलीकडे गेली. नवे महामार्ग आणि सरकारी हमीची गृहकर्जे यांनी ही वाट सोपी केली. पण कर्जाच्या नियमांत वर्णभेद होता, त्यामुळे ती गोऱ्या कुटुंबांसाठीच मोकळी होती. 1974 मध्ये मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला, की शाळांमधील वर्णविभाजन दूर करण्यासाठी उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांना डेट्रॉइटसोबत जबरदस्तीने गोवता येणार नाही. हद्दीची रेघ आणखी पक्की झाली.

1990 च्या दशकात क्रायस्लरने मुख्यालय हायलंड पार्कहून ऑबर्न हिल्सला हलवले. दोन्ही ठिकाणे एकाच महानगरात. त्या स्थलांतराने महानगराच्या आकड्यातून एक डॉलरही वजा होण्याचे कारण नव्हते. हायलंड पार्कने मात्र आपला मोठा करदाता गमावला. 2011 मध्ये वीजबिल थकल्यामुळे त्या शहरातील हजारहून अधिक पथदिवे खांबांसकट काढून नेण्यात आले. ज्या गावाने जगाला मोटार स्वस्त करून दिली, तिथले लोक रात्री अंधारात चालू लागले.

दोन वर्षांनी, जुलै 2013 मध्ये, सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यांसह डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षी डेट्रॉइट महानगराचे उत्पादन 200 अब्ज डॉलरच्या वर होते. संपत्ती होती, पण ती ज्या तिजोरीत जमा होत होती ती पलीकडची होती.

सारांश

महानगराचा आकडा चुकीचा नाही. रोजगाराचा बाजार खरोखर महानगराएवढाच पसरलेला असतो, म्हणून उत्पादन मोजायला हीच सीमा योग्य आहे. पण दिवे, पाणी, शाळा आणि अग्निशमन यांचा खर्च नगराच्या हद्दीतून निघतो. एका सीमेवरचे उत्तर दुसऱ्या सीमेवरच्या प्रश्नाला लावले की गफलत होते. त्या दिवशी वर्गात नेमका हाच सांधा त्या विद्यार्थिनीच्या लक्षात आला होता.

विचारासाठी प्रश्न

1. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे एकत्र मोजावीत की वेगळी? कशासाठी मोजत आहोत, त्यानुसार उत्तर बदलेल का?
2. न्यूयॉर्क शहर 1975 नंतर सावरले, डेट्रॉइट 2013 पर्यंत घसरत गेले. कोणत्या उद्योगांमुळे हा फरक पडला असावा?
3. तुमच्या जवळच्या मोठ्या शहरातील कोणते कारखाने पालिकेच्या हद्दीबाहेर आहेत? तिथे काम करणारे राहतात कुठे, आणि त्यांच्या रस्त्यावरच्या दिव्याचे बिल कोण भरते?