पाण्यातील आर्सेनिक आणि लोखंडाचा गंज

कोलोन : पाण्यातील आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. मराठीत ज्याला सोमल म्हणतात, तो याच मूलद्रव्याचा विषारी अवतार. भूजलात मात्र तो बहुधा खडकांतून आणि गाळाच्या थरांतून आपोआप उतरतो. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचेवर डाग पडतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात आणि त्वचा, मूत्राशय व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. जर्मनीने १९९६ मध्ये आपली मर्यादा ४० वरून १० वर आणली.

हे विष धरून ठेवणारा सर्वांत सुलभ पदार्थ म्हणजे गंज. लोहाच्या ऑक्साइड व हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागाला आर्सेनिक रासायनिक बंधाने चिकटते. त्याचे आर्सेनेट हे रूप ऋणभारित असल्याने सहज अडकते. आर्सेनाइट हे भाररहित रूप निसटते, म्हणून त्याचे आधी ऑक्सिडीकरण करावे लागते. पाण्यातील फॉस्फेट आणि सिलिकाही त्याच जागेसाठी स्पर्धा करतात. त्यामुळे एका विहिरीवर दीर्घकाळ चालणारे माध्यम दुसरीवर लवकर थकते.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात १९९० च्या दशकात यासाठी दाणेदार लोहहायड्रॉक्साइड विकसित झाले. टाकीत दाणे भरायचे, त्यांतून पाणी सोडायचे आणि दाणे संपृक्त झाले की बदलायचे, एवढी ही सोपी रचना. बायरमधून वेगळी झालेली आणि २०१३ पासून कोलोनमध्ये मुख्यालय असलेली लॅन्क्सेस कंपनीही 'बायऑक्साइड ई ३३' हे लोहऑक्साइडचे माध्यम बनवते. जर्मनीच्या २०२३ च्या पेयजल नियमावलीने मर्यादा ४ मायक्रोग्रॅमवर आणण्याचे ठरवले आहे : नव्या जलप्रकल्पांना २०२८ पासून, जुन्यांना २०३६ पासून.

भारतात प्रश्न रसायनापेक्षा देखभालीचा अधिक आहे. पश्चिम बंगालमधील बारुईपूर परिसरात ११ उत्पादकांच्या १९ शुद्धीकरण संचांची दोन वर्षे पाहणी झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार एकही संच १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सातत्याने पाळू शकला नाही. त्याच भागातील धपधपी येथील शाळेत मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ व त्यांच्या बर्कलीतील सहकाऱ्यांनी जादवपूर विद्यापीठाच्या साथीने वेगळा मार्ग चोखाळला. तेथे लोखंडी पट्ट्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडून पाण्यातच गंज तयार केला जातो. तो आर्सेनिकसह तळाशी बसतो. दिवसाला १०,००० लिटर क्षमतेच्या या संचाने सुमारे २५० मायक्रोग्रॅमचे पाणी ५ च्या खाली आणले. गाडगीळ यांनी यंत्राइतकाच भर ते चालवणाऱ्या माणसांवर आणि पाण्याच्या दरावर दिला, हे विशेष.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, गडचिरोलीला लागून असलेल्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा व आसपासच्या गावांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आर्सेनिक आढळले. तेथे ते नदीच्या गाळातून नव्हे, तर प्राचीन खडकांतून येते. तेव्हा गंगेच्या खोऱ्यात यशस्वी ठरलेला संच येथील पाण्यावर तपासल्याशिवाय बसवणे धोक्याचे. शिवाय कोठेही असो, वापरलेले दाणे वा गाळ आर्सेनिकयुक्तच राहतो. तो काँक्रीटमध्ये बंदिस्त करण्याचा मार्ग अभ्यासला गेला आहे. उकिरड्यावर टाकल्यास ते विष पुन्हा पाण्यात उतरू शकते.