ग्रामीण मराठी भयपट आणि बालकलाकार : एक ऐतिहासिक मागोवा
(धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या इतिहासात बालकलाकाराची नोंद प्रायः दोनच ठिकाणी सापडते. एक श्रेयनामावलीत आणि दुसरी पुरस्कारांच्या यादीत. चित्रीकरणाच्या काळात त्या मुलाने किती तास काम केले, त्याची शाळा किती दिवस बुडाली, रात्रीच्या प्रसंगात ते घाबरले तेव्हा त्याच्याजवळ कोण होते, या बाबी इतिहासाने क्वचितच नोंदविल्या आहेत. भयपटाच्या संदर्भात ही उणीव अधिक जाणवते. भयपटात मूल हे केवळ एक पात्र नसते. त्याचे हसणे, त्याचा खेळ, अंधारातून आलेली त्याची हाक ही भयनिर्मितीची साधने असतात. कमी खर्चाच्या ग्रामीण भयपटात गावातील जुना वाडा, विहीर, शेत हेच नेपथ्य असते आणि पुष्कळदा गावातील मुले हीच पात्रे असतात. जेथे निर्मितीचा खर्च तोकडा, तेथे सुरक्षिततेवरील खर्चाला प्रथम कात्री लागण्याची शक्यता असते.

प्रस्तुत लेखात या विषयाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. त्यासाठी धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा संदर्भ निवडण्यामागे दोन कारणे आहेत. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या सहभागास परवानगी देण्याचा अधिकार चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे आला. म्हणजेच हा प्रश्न मुंबईपुरता न राहता जिल्ह्याचा झाला. दुसरे असे की, अलीकडच्या मराठी ग्रामीण भयपटाने जो उसाचा फड भयाचे स्थान म्हणून निवडला, त्या फडाशी या जिल्ह्यातील हजारो मुलांचे बालपण प्रत्यक्ष जोडलेले आहे.

नाटक मंडळी आणि पहिला चित्रपट

मराठी रंगभूमीवर मुलांचे काम ही जुनी परंपरा आहे. संगीत नाटक मंडळ्यांत कोवळ्या वयाची, गोड गळ्याची मुले घेतली जात. ती कंपनीच्या बिऱ्हाडात राहत, तेथेच जेवत, तेथेच तालीम घेत आणि कंपनीबरोबर गावोगाव फिरत. दामूअण्णा जोशी यांची बालमोहन नाटक मंडळी तर मुलांच्याच बळावर उभी होती. छोटा गंधर्व म्हणून पुढे कीर्ती मिळविलेले सौदागर गोरे याच मंडळीत घडले आणि आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक १९३३ मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. या व्यवस्थेत गुरुकुलाचा आणि रोजगाराचा असे दोन्ही अंश होते. मुलाला कला मिळे, आश्रय मिळे; पण त्याच्या शाळेचा किंवा मोबदल्याचा हिशेब मागणारा कोणी बाहेरचा नसे.

चित्रपटाने हीच वृत्ती पुढे चालविली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये रोहिदासाची भूमिका त्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. कथेत रोहिदासाचा मृत्यू होतो. चित्रीकरणाच्या काळात भालचंद्र पडून त्याच्या डोक्याला इजा झाली व तो बेशुद्ध झाला, तेव्हा प्रेत म्हणून दाखवावयाच्या रोहिदासाचा प्रसंग त्याच अवस्थेत चित्रित करण्यात आला, अशी हकीकत फाळक्यांच्या चरित्रपर लेखनात सांगितली जाते. ही हकीकत आजवर फाळक्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणूनच सांगितली गेली. मुलाच्या बाजूने ती क्वचितच वाचली गेली. भारतीय चित्रपटातील पहिल्या बालकलाकाराच्या नावावर पहिली दुखापतही नोंदली जावी, आणि ती पित्याच्या देखरेखीखालीच व्हावी, ही बाब महत्त्वाची आहे. पालकांची उपस्थिती ही मुलाच्या सुरक्षिततेची पुरेशी हमी नसते, हा धडा त्यातून मिळतो. पुढे ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. आरंभकाळात बालकलाकाराचा प्रश्न हा असा घरातलाच मामला होता.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘श्यामची आई’ (१९५३) मधील माधव वझे यांच्या श्यामने बालकलाकाराला प्रतिष्ठा दिली. त्यानंतरच्या काळात, विशेषतः ‘श्वास’ (२००४), ‘टिंग्या’ (२००८) आणि ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटांतून, मराठी बालकलाकारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘टिंग्या’ व ‘फँड्री’ यांनी शहरी, प्रशिक्षित मुलाऐवजी गावातल्या मुलाला मध्यवर्ती स्थान दिले. ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे हा धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातला. चित्रपटसृष्टीच्या नकाशावर जो भाग दूरवर राहिला होता, तेथील मुले आता पडद्यावर येऊ लागली. ही घटना स्वागतार्ह असली तरी तिच्याबरोबर जबाबदारीही वाढली. संघटना, दैनंदिन संपर्क व माहितगार पालक यांचा जो थोडाफार आधार मुंबई-पुण्याच्या मुलाला असतो, तो गावातल्या मुलाला नसतो.

भयपटातील मूल

मराठीत भयपटाची परंपरा क्षीण आहे. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हे तिचे एक ठळक उदाहरण. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये महेश कोठारे यांनी भयाला विनोदाची जोड दिली आणि मुलांच्या हातातील बाहुल्यालाच भयाचे रूप दिले. कोठारे स्वतः ‘छोटा जवान’ (१९६३) चे बालकलाकार होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. हिंदीत विशाल भारद्वाज यांच्या ‘मकडी’ (२००२) ने खेडे, पडका वाडा आणि चेटकीण यांच्या साहाय्याने मुलांसाठीच भयकथा मांडली व तीतील श्वेता प्रसाद हिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये मोहम्मद समद या मुलाने नायकाच्या मुलाची व जड रंगभूषेखाली भयंकर आजीचीही भूमिका केली. भयपट बालकलाकाराच्या शरीराकडून किती श्रमाची अपेक्षा करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

ग्रामीण मराठी भयपटाचा विचार करताना विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट मध्यवर्ती ठरतो. मर्यादित खर्चात बनलेल्या या चित्रपटात शहरातून लपण्यासाठी आलेली गर्भवती नायिका (पूजा सावंत) उसाच्या फडाने वेढलेल्या एका घरात राहते. तुळसाबाई (उषा नाईक) तिची देखभाल करते. फडात लपाछपी खेळणारी मुले नायिकेला दिसू लागतात आणि हळूहळू मुलीच्या जन्माविषयीच्या क्रूर तिरस्काराची कथा उलगडते. याच कथेवर आधारित ‘छोरी’ हा हिंदी चित्रपट २०२१ मध्ये आला. चित्रपटाची भीती कल्पित असली तरी तिचा आधार वास्तवात होता. जनगणनेनुसार महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली; धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ती ८९४ वरून ८०७ पर्यंत घसरली. न जन्मलेल्या मुलींची बाजू मांडण्यासाठी या चित्रपटाला पडद्यावर जिवंत मुलांना उभे करावे लागले. यातूनच एक प्रश्न उपस्थित होतो : पडद्यावरील मृत मुलाविषयी कळवळा असणाऱ्या या प्रकारात चित्रीकरणस्थळावरील जिवंत मुलाचे रक्षण कोण करतो?

जागतिक चित्रपटाच्या इतिहासात या प्रश्नाची दोन टोके दिसतात. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) च्या चित्रीकरणात हलत्या पलंगाच्या प्रसंगात लिंडा ब्लेअर या बालअभिनेत्रीच्या पाठीला इजा झाली. ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात जुलै १९८२ मध्ये रात्री, स्फोटांच्या प्रसंगात हेलिकॉप्टर कोसळून एका अभिनेत्यासह दोन बालके मृत्युमुखी पडली. ती मुले आवश्यक परवान्याशिवाय, कायद्याने निषिद्ध असलेल्या वेळी कामावर घेण्यात आली होती. दिग्दर्शक व इतर आरोपी १९८७ मध्ये निर्दोष सुटले. उलट ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये स्टॅनली कुब्रिक यांनी डॅनी लॉइड या लहान मुलाला आपण भयपटात काम करीत आहोत हे कळूही दिले नाही. म्हणजे भय निर्माण करण्यासाठी मुलाला घाबरवावेच लागते असे नाही. ते संकलनातून, ध्वनीतून आणि छायाचित्रणातून निर्माण करता येते. खर्च कमी असला तरी हा मार्ग बंद होत नाही.

कायद्याची वाटचाल

भारतातील बालकामगारविषयक कायद्याने चित्रपटातील मुलाची दखल फार उशिरा घेतली. १९३८ चा मुलांच्या नोकरीविषयीचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९८६ च्या बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियमाने ठरावीक धोकादायक व्यवसायांत मुलांना मनाई केली, पण त्या यादीत अभिनय नव्हता. ६ डिसेंबर १९९१ च्या चित्रपट प्रमाणनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हिंसेचे बळी, कर्ते किंवा सक्तीचे साक्षीदार म्हणून मुलांना दाखविणाऱ्या निरर्थक दृश्यांबाबत दक्षतेची सूचना आहे. परंतु ही तत्त्वे पडद्यावरील दृश्यापुरती होती. ते दृश्य कसे घेतले गेले, हे विचारण्याचा अधिकार त्यांत नव्हता. राज्यव्यवस्थेने अशा रीतीने मुलाची प्रतिमा आधी सांभाळली, मूल नंतर.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत मनाई झाली आणि दोन अपवाद ठेवण्यात आले : शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला मदत आणि कलाकार म्हणून काम. २०१७ च्या नियमांनी दुसऱ्या अपवादाच्या अटी ठरविल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक सहभाग नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती. मिळकतीपैकी किमान वीस टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या इच्छेविरुद्ध सहभाग नाही. आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकाराच्या मिळकतीच्या रक्षणाचा कायदा १९३९ मध्ये केला होता. भारतात ही तरतूद येण्यास आणखी अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

या नियमांत भयपटाच्या दृष्टीने एक मोठी त्रुटी आहे. कुटुंबाला मदत करणाऱ्या मुलाला संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम करण्यास मनाई आहे. कलाकाराच्या अटींत मात्र रात्रीच्या वेळेचा उल्लेख नाही. घरच्या दुकानात रात्री आठ वाजता बसता न येणारे मूल चित्रपटासाठी मध्यरात्री विहिरीच्या काठावर उभे राहू शकते. भयपटाचे चित्रीकरण बहुतांशी रात्रीच होत असल्याने ही बाब तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

धाराशिवचा संदर्भ

कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी टनावर मिळते. आईबापांबरोबर गेलेले मूल वाढे गोळा करते, धाकट्या भावंडाला सांभाळते, पण हिशेबात त्याचे नाव नसते. दुसऱ्याच्या शेतातील हे मोबदल्याचे काम ‘कुटुंबाला मदत’ या अपवादात बसत नाही. तरीही ते चालते, कारण ते कोणाला दिसत नाही. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहांची योजना आली. परंतु स्थलांतर थांबले नाही. अशा मुलाच्या दृष्टीने फड हे भयकथेचे नेपथ्य नसून पहाटेच्या थंडीत, पाचटाच्या धगीत घालविलेले बालपण असते.

दुसरी विसंगती कलाकार या संज्ञेतच आहे. २०१७ च्या नियमांनी पैशासाठी रस्त्यावर केलेले प्रयोग कलेच्या व्याख्येतून वगळले. जत्रेत दोरीवर चालणारे डोंबाऱ्याचे मूल कायद्याने कलाकार ठरत नाही. तेच मूल चित्रपटात दोरीवर चालले तर कलाकार ठरते. धोका सारखाच, कसब तेच. फरक केवळ कॅमेऱ्याचा. रस्त्यावरील प्रयोगाला मान्यता न देण्यामागील हेतू योग्य असला, तरी त्या मुलाला व्याख्येबाहेर ठेवल्याने त्याला विश्रांती, शिक्षण व मुदत ठेव यांचा लाभ मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी ही निव्वळ कागदोपत्री बाब राहू नये. गावात आलेल्या छोट्या निर्मितीसंस्थेला या नियमाची माहिती नसणे, पालकांना तो अधिकार आहे हे ठाऊक नसणे, आणि मुलगा पडद्यावर दिसणार या आनंदात कोणीच न विचारणे, हे सहज संभवते. शाळेचे मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि बालसंरक्षण यंत्रणा यांना या नियमाची माहिती असेल तरच परवानगीला अर्थ येईल.

निष्कर्ष

१) मराठी रंगभूमी व चित्रपटात बालकलाकाराचे रक्षण दीर्घकाळ कुटुंबाच्या व कंपनीच्या सद्भावनेवर सोपविलेले होते, ‘राजा हरिश्चंद्र’च्या हकीकतीपासून त्याची मर्यादा दिसून येते.

२) प्रमाणनाच्या तत्त्वांनी पडद्यावरील मुलाची दखल १९९१ मध्ये घेतली, तर चित्रीकरणस्थळावरील मुलाची दखल कायद्याने २०१६-१७ मध्ये घेतली.

३) रात्रीच्या कामाबाबत कलाकार-मुलाला कुटुंबातील मुलाइतकेही संरक्षण नाही. भयपटाच्या संदर्भात ही त्रुटी नियमदुरुस्तीने दूर होणे आवश्यक आहे.

४) धाराशिवसारख्या जिल्ह्यात फडातले मूल, दोरीवरचे मूल आणि कॅमेऱ्यासमोरचे मूल ही पुष्कळदा एकाच सामाजिक स्तरातून येतात. त्यांपैकी केवळ तिसऱ्याला कायद्याने तासांची मर्यादा व मिळकतीची हमी दिली आहे. ही हमी कागदावर न राहता गावापर्यंत पोचली, तर उरलेल्या दोघांसाठी कोणत्या स्वरूपाचे संरक्षण हवे, याचा नमुनाही त्यातूनच मिळू शकेल.