मावळातील किशोरवयीनांचे शिक्षण-प्रशिक्षण आणि शासकीय धोरण : तळेगाव दाभाडे येथील दोन संस्थांच्या संदर्भात

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास मांडताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने प्राथमिक स्तरावर केंद्रित झालेले दिसते. चौदा ते अठरा या वयातील मुलांना शिक्षणात किंवा एखाद्या कसबात टिकवून धरण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र दुय्यम राहिला. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हा प्रश्न दोन संस्थांनी हाताळला होता. शासनाच्या धोरणाशी त्यांचा आलेला संबंध म्हणूनच अभ्यासनीय ठरतो.

प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये कोल्हापूर येथे सुरू केलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे आले. त्याच वर्षी कलकत्ता काँग्रेसने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव संमत केला होता. लोकमान्य टिळकांनी १९०८ मधील बार्शीच्या भाषणात राष्ट्रीय शिक्षणात औद्योगिक शिक्षणाला स्पष्ट स्थान दिले. सरकारची दृष्टी वेगळी होती. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागावर निर्बंध आणले. विजापूरकरांना ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखाबद्दल कारावास घडला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालयच बंद पाडले. तरुणांना शिक्षणात टिकवण्याविषयी मावळात झालेला हा आरंभीचा ठळक शासकीय हस्तक्षेप शाळेला कुलूप लावण्याचा होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. पुढे तेथे नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले.

दुसरी संस्था पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली व तीतून १९०८ मध्ये तळेगावी काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आरंभी तांत्रिक बाजू होती. काचकामात केवळ पुस्तकी ज्ञान उपयोगी पडत नाही. भट्टीतील वितळलेला रस नळीच्या टोकावर नेमका किती घ्यावा, साच्यात फुंकताना दाब कोठे कमी करावा, हे हाताला वळण लागल्याशिवाय साधत नाही आणि ते वळण कोवळ्या वयात लवकर लागते. देशातील आरंभीचे काच कारखाने परदेशी कारागिरांवर विसंबून होते. तळेगावचा कारखाना मात्र उत्पादनाबरोबरच शिक्षणासाठीही चालविला गेला व तेथे तयार झालेले कारागीर इतर कारखान्यांत गेले. हे प्रशिक्षण सरकारी योजनेतून आलेले नव्हते. ते लोकांच्या पैशावर उभे होते.

याच काळातील विधिमंडळाकडे पाहिल्यास विरोधाभास स्पष्ट होतो. गोखल्यांचे १९११ चे विधेयक सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरतेच, तेही ठरावीक क्षेत्रांपुरते मर्यादित होते. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची केवळ मुभा दिली. दुसरीकडे १९२२ च्या कारखाना कायद्याने बारा ते पंधरा वयाच्या मुलांना दिवसाचे सहा तास कामाला लावण्यास मान्यता दिली. कामाचे तास मोजले गेले, उरलेल्या वेळातील शिक्षणाचा विचार झाला नाही.

शासनाला प्रशिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. १९४५ मध्ये लोणावळ्याजवळ नौदलाच्या यांत्रिकी शाखेसाठी ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. गरज युद्धकालीन नौदलाची होती. मावळातील भातशेतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा झाला. या सोयी अर्ज करणाऱ्यासाठी होत्या. शाळा सोडून गेलेल्याला परत आणण्याचे बंधन कोणावरच नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची मर्यादाही सहा ते चौदा हीच राहिली. २०१६ च्या बालकामगार कायदा दुरुस्तीने चौदा ते अठरा वयोगटाला केवळ धोकादायक कामांतून वगळले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरापर्यंत सर्वांना सामावून घेण्यासाठी २०३० हे वर्ष ठरविले. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात अथवा लोणावळ्याच्या हॉटेलात राबणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाने आठवीनंतर शाळा का सोडली, हे विचारण्याचे दायित्व शिक्षण हक्क कायदा आजही कोणावर टाकत नाही.