जावळ आणि सुई

नीडल फेल्टिंग ही कला वाटते तितकी जुनी नाही. जुना आहे तो नमदा. गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की लोकरीच्या केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि न विणताच कापड तयार होतं. अशा कापडासाठी मराठीत ‘बुरणूस’ हा शब्दही आहे. सुई मात्र कारखान्यातून आली. तिथली यंत्रं खाचा पाडलेल्या शेकडो सुया तंतूंच्या थरात खुपसून तो घट्ट करतात. 1980च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये एलिनॉर आणि डेव्हिड स्टॅनवुड या दांपत्याने त्यातली एक सुई हातात घेतली, आणि यंत्राच्या कामाचा छंद झाला.

मी शिवाजी पार्कात राहते आणि लोकरीची कुत्री बनवते. लोकांना हवी असतात ती लांब केसांची. त्यासाठी आधी अंग टोचून टणक करायचं. मग लोकरीची बट आडवी ठेवून मधोमध टोचायची, एक बाजू दुसरीवर दुमडायची आणि दुमडीवर पुन्हा टोचायचं. ओळी शेपटीकडून डोक्याकडे चढवायच्या, कौलं शाकारतात तशा. गंमत अशी की केस मुळाशी गुंतले पाहिजेत, पण टोकाशी मोकळे राहिले पाहिजेत. बाजारातली मेरिनो इथे कमी पडते. ती इतकी मऊ असते की हाताळताच गुठळ्या होतात.

दख्खनी मेंढीची लोकर तशी नाही. ती भरड, बहुधा काळी, ताठ. सणगर तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणत आले. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर तेवढी मऊ. तिला ‘जावळ’ म्हणतात, बाळाच्या पहिल्या केसांसारखंच. मी अंगासाठी जावळ वापरते, वरच्या केसांसाठी मोठ्या मेंढीची लोकर. वर्षातून दोनदा कातरत असल्याने केस बोटभरच लांब मिळतात, पण उभे राहतात.

या लोकरीचं गिऱ्हाईक गेलं ते आवडी बदलल्यामुळेही. ठाण्याच्या खाडीकाठची गिरणी सुरुवातीला भरड कांबळी काढत असे. 1925 साली ती रेमंड झाली, आणि पुढे तिची ओळख बनली मऊसूत सुटिंग. त्याच वर्षी आमचं मैदान खुलं झालं. 1927 पर्यंत ते माहीम पार्क होतं. शहर मऊ कापडाला सरावलं. आज अनेक धनगरांना कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती टाकून दिली जाते.

माझ्या एका कुत्र्याला जेमतेम पन्नास ग्रॅम लोकर लागते. त्यावर कुणाचा कळप चालणार नाही, हे उघड आहे. पण जिला आपण टाकाऊ ठरवलं तिचा भरडपणा हाच काही कामांत गुण असतो, एवढं त्या पन्नास ग्रॅममध्ये दिसतं. अडतं ते मधल्या टप्प्यावर. ही लोकर धुऊन, निवडून, पिंजून शहरात पोचवणारं कुणी असेल, तर माझ्यासारख्या छंदिष्टांना आयात लोकरीचं पाकीट फोडावं लागणार नाही.