तूप, तुप्प आणि डालडा

कन्नडमध्ये तुपाला ‘तुप्प’ म्हणतात. सोसल्याच्या वाण्यापासून म्हैसूरच्या मिठाईवाल्यापर्यंत हाच शब्द चालतो. कन्नडमधून मराठीत येताना इतका सोपा शब्द क्वचित भेटतो. तरीही मजकूर १९५० नंतरच्या शहरी घरातला असला की मी थांबते. कोणतं तूप? जुन्या मजकुरात हा प्रश्न फार तर गाईचं की म्हशीचं एवढाच असतो. नंतर तो खरं की दुसरं असा होतो. मधल्या काळात पिवळा डबा आलेला असतो.

तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवलेलं ‘वनस्पती’ आधी हॉलंडहून येई. लीव्हरने १९३१ साली त्यासाठी इथेच हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १९३७ साली डालडा बाजारात आणला. ‘दादा’ या डच व्यापाऱ्यांच्या नावात लीव्हरचा ‘ल’ घातला आणि ‘डालडा’ झालं, असं सांगतात. अडचण चवीची होती. तुपाचा वास काही उचलता येत नव्हता, पण रवाळपणा आणता येत होता. तो आणला. बाकीचं काम १९३९ पासून लिंटासच्या हार्वे डंकन यांच्या मोहिमेने केलं. चित्रपटगृहांत लघुपट, रस्त्यावर डब्याच्या आकाराची गाडी, पदार्थ चाखायला देणारे स्टॉल, पत्रकं. खानावळींसाठी मोठे चौकोनी डबे, घरासाठी लहान गोल. सुट्या तुपात काय मिसळलंय याची खात्री नसे. इथे निदान झाकण सीलबंद होतं.

पुढच्या काळातल्या ज्या जाहिराती मी पाहिल्या, त्यांत चवीबद्दल फारसं काही नाही. जीवनसत्त्वं आहेत, मुलांची वाढ आहे, आणि काळजी घेणारी आई आहे. ही चतुराई मला दाद देण्याजोगी वाटते, थोडी क्रूरही. तूप परवडत नाही म्हणून डालडा आणणाऱ्या बाईला जाहिरात सांगत होती, की तू काटकसर करत नाहीस, शहाणपणा करते आहेस.

विरोधही जोरदार झाला. तुपातली भेसळ सोपी झाली म्हणून गांधीजींनी वनस्पतीवर टीका केली. बंदीची मागणीही झाली. बंदी आली नाही. त्याऐवजी वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. ते बेमालूम मिसळतं, पण प्रयोगशाळेत बोदुएँ चाचणी केली की लालसर रंग उमटतो. म्हणजे कायद्याने डब्यातच एक चहाडखोर बसवला. घरगुती चाचणी जिभेची. डालड्यातला म्हैसूरपाक गार झाला की टाळूवर मेणासारखा थर राहतो, तुपातला विरघळून जातो.

भाषेवरचा परिणाम मात्र जाहिरात लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नसावा. लोकांनी ‘वनस्पती’ला ‘वनस्पती तूप’ केलं, आणि मग खऱ्या तुपालाच विशेषण लावून फिरावं लागलं. ‘साजूक’ म्हणजे मुळात ताजं. आज साजूक तूप म्हटलं की ताजेपणा कुणाच्या मनात येत नाही. डालडा नव्हे, एवढंच येतं. मिठाईच्या दुकानांवर ‘शुद्ध तुपातील’ अशा पाट्या लागल्या, त्या याच भीतीपोटी. शिव्या खाऊनही डालडा घरात राहिलाच. रिकामा डबा डाळीला किंवा तुळशीला. वेदांत झाडाला दिलेला ‘वनस्पती’ हा शब्द इंग्रजी कोशात गेला तोही गोठवलेल्या तेलाच्या अर्थाने. अनुवादकाला असे शब्द परत आणता येत नाहीत.

२००३ साली डालडा हे नाव बुंगे कंपनीने विकत घेतलं. २०२२ पासून तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आता जाहिराती तुपाच्या आहेत: काचेची बरणी, रवी, नऊवारीतली आजी. आणि लेबलवर ठळक अक्षरांत ‘दाणेदार’. तुपाची नक्कल करायला वनस्पतीने जो रवाळपणा उचलला होता, तोच आता तुपाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून छापला जातो.