आपली नंदा
'इत्तेफाक' संपला, दिवे लागले, तरी मावशी खुर्चीतून उठेना. कोल्हापुरातला मॅटिनीचा खेळ, जुनी प्रिंट. मी तेव्हा नववीत होते. "आपली नंदा असं करणार नाही गं," एवढंच ती दोनदा म्हणाली. आपली म्हणजे कोल्हापूरची, मास्टर विनायकांची लेक. १९४८ च्या 'मंदिर'मध्ये ती बेबी नंदा होती आणि १९५९ च्या 'छोटी बहन'नंतर तर घरोघरची धाकटी बहीण झाली. तिने नवऱ्याच्या खुनात हात घालावा, हे मावशीच्या गळी उतरेना.

या सिनेमाचं नाव निघालं की लोक आधी एकच सांगतात: १९६९ सालचा, बिनगाण्यांचा. पण तो मान एकट्या 'इत्तेफाक'चा नाही; बी. आर. चोप्रांनी १९६० मध्येच 'कानून' बिनगाण्यांचा काढला होता. तरी रहस्यपटातून गाणं काढणं सोपं नव्हतं, कारण आपल्याकडे गाणं हाच रहस्याचा गळ होता. १९४९ च्या 'महल'पासून तो साचा पडला: ओसाड हवेली, रात्र, लांबून येणारा बाईचा आवाज आणि त्यामागे ओढला जाणारा नायक. 'बीस साल बाद', 'वह कौन थी', सगळीकडे तेच, आणि गळा लताबाईंचा. १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये तर याच नंदाच्या आजूबाजूला बेटावर एकेक माणूस मरतो, आणि मधेच मेहमूद हेलनबरोबर नाचून घेतो. गाणं लागलं की पुरुषमंडळी बिडी ओढायला बाहेर जायची आणि भीती तेवढी सैल व्हायची.

'इत्तेफाक' जन्मला तो अडचणीतून. सायरा बानू आजारी पडल्या, 'आदमी और इन्सान'चं काम अडलं. हाती वेळ होता. यश चोप्रांनी 'धुम्मस' हे गुजराती नाटक घेतलं (तेही मूळ एका इंग्रजी नाटकावरून) आणि महिनाभरात चित्रीकरण उरकलं. एक घर, एक रात्र, बाहेर पाऊस. सलील चौधरींसारखा संगीतकार, आणि त्यांच्याकडून घेतलं फक्त पार्श्वसंगीत! कुणाला बाहेर जायला सवडच नाही. ध्वनीसाठी एम. ए. शेख यांना फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच झालं.

पण माझ्या मते खरी मोडतोड गाण्यांची नाही, नंदाची आहे. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार दिलीप रॉय वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि पिस्तूल घेऊन रेखाच्या, म्हणजे नंदाच्या, घरात घुसतो. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, राजेश खन्ना. एकटी बाई, वादळी रात्र, माथेफिरू माणूस: इथवर सगळं रुळलेल्या वाटेनं. आपण रेखासाठी जीव मुठीत धरून बसतो. मग दिलीपला बाथरूममध्ये, टबात, तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं. पुन्हा बघावं तर टब रिकामा. आपल्याला वाटतं, वेडाच तो, भास झाला असेल. असं वाटायला पुरावा काय? फक्त नंदाचा चेहरा. दहा वर्षं जमवलेली तिची पुण्याई दिग्दर्शकाने खुनावर पांघरूण म्हणून वापरली. संकटातली नायिका ही रहस्यपटाची सगळ्यात जुनी रीत, आणि तीच इथे गुन्हेगाराची लपायची जागा होते.

शेवट मात्र मला पटत नाही. पोलीस येतात, सगळा उलगडा होतो, आणि दिलीपच्या बायकोचा खून कुणी केला तेही तिथेच सुटतं. इतकी नीट आवराआवर त्या रात्रीला शोभत नाही. यश चोप्रांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचं फिल्मफेअर मिळालं, पण वाट काही पडली नाही: १९७३ च्या 'धुंद'मध्ये बी. आर. चोप्रांनीच पुन्हा नवऱ्याचा खून आणि बायको घेतली, आणि गाणीही घेतली.

पुढे टीव्हीवर 'इत्तेफाक' लागला तेव्हा मावशी माझ्या शेजारी बसली. तिला शेवट ठाऊक होता. राजेश खन्नाकडे तिचं लक्षच नव्हतं. नंदाची नजर बाथरूमच्या दाराकडे कधी जाते, तेवढंच ती टिपत होती.