हार्ड डिस्कशिवाय कॉम्प्युटर सुरू होतो का?

हो. घरच्या नेटवर्कवरच्या स्टोरेजमधूनही कॉम्प्युटर सुरू करता येतो. त्यासाठी इंटेलची 'पीएक्सई' पद्धत वापरतात. तिची २.१ आवृत्ती १९९९ मध्ये आली.

नेमकं काय होतं?
बायोसमध्ये नेटवर्क बूट सुरू असेल, तर नेटवर्क कार्ड आधी डीएचसीपी सर्व्हरकडून आयपी अ‍ॅड्रेस आणि बूट फाइलचं नाव घेतं. ती छोटी फाइल टीएफटीपीने डाउनलोड होते. पुढे ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरच्या स्टोरेजमधून चालते.

फायदा काय?
अनेक कॉम्प्युटरचा बॅकअप एकाच ठिकाणी घेता येतो.

काळजी काय घ्यावी?
स्टोरेज बंद पडलं, की सगळेच कॉम्प्युटर अडतात. वायफायऐवजी लॅन केबल वापरावी. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, त्यामुळे पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क ठेवावं.